अर्थखातं मिळालं तर गोंधळू नका

उद्या केंद्राचं अर्थखातं तुमच्याकडे आलं, तर घाईघाईने खर्चबिर्च कमी करायला जाऊ नका. नवखे लोक तसं करतात. तुमच्यासाठी कायदा 2003 पासून तयारच आहे: वित्तीय उत्तरदायित्व आणि अर्थसंकल्प व्यवस्थापन कायदा. जबाबदारी नावातच आली, आता वागण्यात कशाला? तूट, म्हणजे कर्ज सोडून येणाऱ्या पैशापेक्षा जास्त होणारा खर्च, जीडीपीच्या (देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या) 3 टक्क्यांवर आणायची, असं ठरलं होतं. 2007-08 साली ती तिनाच्या खाली गेलीही. पण तो प्रकार पुन्हा घडू दिलेला नाही.

मुदत जवळ आली की दुरुस्ती आणा. 2018 मध्ये ठरलं, 31 मार्च 2021 पर्यंत 3 टक्के. त्या वर्षी तूट निघाली 9.2. करोना होता, मान्य. तेव्हा हात आखडा असं कोणी शहाणा म्हणालाही नसता. पण आदल्या वर्षी टाळेबंदी शेवटच्या आठवड्यात लागली, तरी तूट 4.6 झालीच होती.

आकडा फारच बोचला तर खर्च दुसऱ्याच्या वहीत लिहा. सरकारसाठी धान्य घेऊन पुरवणाऱ्या अन्न महामंडळाचं अनुदान पुरतं द्यायचं नाही, त्याला अल्पबचत निधीतून कर्ज काढायला लावायचं. धान्य वाटलं जातं, पैसा जातो, तूट जागची हलत नाही. 2020-21 मध्ये ही उधारी एकदम हिशेबात घेतली. मोफत धान्याचा खर्चही त्यात आला, आणि अन्न अनुदान 1.15 लाख कोटींवरून सुधारित अंदाजात 4.22 लाख कोटींवर गेलं. प्रामाणिक व्हायचंच असेल तर असंच वर्ष निवडा; आकडा नाहीतरी भयंकरच यायचा असतो.

त्याच 2018 च्या दुरुस्तीत केंद्राचं कर्ज 2024-25 अखेर जीडीपीच्या 40 टक्क्यांवर आणायचं होतं. ते राहिलं. आता 31 मार्च 2031 पर्यंत 50 टक्के, एखादा टक्का इकडेतिकडे. चाळिशी हुकली की पन्नाशीचा संकल्प सोडावा.

2025-26 च्या अंदाजपत्रकात तूट 15.69 लाख कोटी, व्याज 12.76 लाख कोटी आणि भांडवली खर्च 11.21 लाख कोटी. भाषणात अर्थातच शेवटच्या आकड्यावर रेंगाळा. व्याज मागच्या कोष्टकात असतं, तिथवर कोण जातंय!

तरी कमी पडलं तर रिझर्व्ह बँकेचा लाभांश आहे. 2024-25 साठी तिने 2.69 लाख कोटी दिले. अशी रक्कम जमा झाली की वित्तीय शिस्तीवर दोन शब्द बोला आणि राज्यांना काटकसरीची आठवण करून द्या. त्यांना कर्ज काढायला तुमची परवानगी लागते. तुम्हाला संसदेची, आणि तिथे बहुमत तुमचंच.