‘मराठीत सांगा, ॲप तयार’? आधी आमच्या वहिनींचे खाडे बघा

तो फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. वर रॉकेट, खाली चार मुद्दे: इतिहासात पहिल्यांदाच सामान्य माणूस स्वतःचं सॉफ्टवेअर बनवू शकतो, एक्सेल वगैरे शिकण्यात वेळ घालवू नका, एआयनं केलेलं तपासत बसायची गरज नाही, चुकलं तर तेच दुरुस्त करतं, आणि प्रोग्रामरांनी आता दुसरा धंदा बघावा. ग्रुपवर येत होता तोवर मी सोडून दिलं. पण आमच्या वहिनींनी तो मनावर घेतला आणि गेल्या महिन्याची बिलं निस्तरायला मला बसावं लागलं.

वहिनी कर्वेनगरला डबे देतात. तेवीस गिऱ्हाइकं, बहुतेक नोकरीतली पोरं.

‘पहिल्यांदाच’ म्हणे! १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट, म्हणजे एक्सेलसारखं रकान्यांत हिशेब मांडायचं सॉफ्टवेअर, आणलं. तेवढ्यासाठी लोकांनी कॉम्प्युटर विकत घेतले आणि कोडची एक ओळ न शिकलेले हिशेबनीस स्वतःची सूत्रं मांडू लागले. वहिनींची गूगल शीट त्याच घराण्यातली. रविवारी रात्री डबा नसतो, हेसुद्धा त्यांनी स्वतः सूत्रात बसवलंय. हे सॉफ्टवेअर नाही तर काय लोणचं आहे?

खरा संताप ‘तपासत बसू नका’ या तिसऱ्या मुद्द्याचा. वहिनींनी एआयला मराठीत सांगितलं, ॲप उभं राहिलं, दिसायला झकास. शीटमधले खाडे त्यात ओतले. आता त्यांची पद्धत अशी, की कुणी पोळ्या नको, नुसती भाजी द्या म्हणालं की खाड्याच्या रकान्यात ‘अर्धा’ लिहायचं. शीट त्याचा ०.५ धरते. ॲपला तिथे आकडा हवा होता. अक्षरं दिसल्यावर त्यानं ना विचारलं, ना रकाना लाल केला. सरळ शून्य धरलं. एका पोराचे सहा ‘अर्धा’ होते. म्हणजे तीन डबे, सत्तर रुपयांनी २१० रुपये जास्त. त्यानं फोन केला म्हणून कळलं. बाकीच्यांनी मुकाट पैसे भरले होते. चुकलं तर तेच दुरुस्त करतं म्हणता, पण चुकलंय हे त्याला सांगणार कोण?

आणि हे डब्यांपुरतं थोडंच आहे? २०२० मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेत प्रयोगशाळांच्या फायली एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात उतरवत होते. त्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. पुढच्या गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबरमधले १५,८४१ कोरोनाबाधित रोजच्या आकड्यांतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. ही फजिती एक्सेलची, एआयची नव्हे, ठाऊक आहे मला. पण रोग तोच: माहिती गळाली आणि कुठे आवाज झाला नाही. तपासू नका सांगणारा माणूस नेमकं हेच पसरवतोय.

एक्सेल शिकू नका हा सल्लाही उफराटा. शीटमध्ये रकान्यावर टिचकी मारली की सूत्र समोर येतं, वहिनींना ते वाचता येतं. ॲपचा कोड उघडून दाखवला तेव्हा त्या गॅसकडे बघायला लागल्या. प्रोग्रामरांच्या नोकऱ्यांचं प्रोग्रामर बघून घेतील.

एक मात्र नाइलाजानं कबूल करतो. उद्या किती जेवणार त्यावरून कणीक किती भिजवायची, हे सांगणारं पान एआयनं छान केलंय. मला तेवढ्या वेळात जमलं नसतं. पण तिथे चुकलं तर चार पोळ्या उरतात, आणि वहिनींना ते परातीकडे बघूनच कळतं.

बिलं परत शीटवर आणली. तळाशी एक नवी ओळ घातली: घरातून बाहेर पडलेले डबे वहीवरून, बिलाला लागलेले शीटवरून, वजाबाकी शून्य यायला हवी. पहिल्याच दिवशी दोन आले. मी अर्धा तास सूत्रं धुंडाळत बसलो. मग वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अहो भाऊजी, ते वॉचमनकाकांचे. त्यांच्याकडून कुठे पैसे घेते मी?”