‘मऊ घ्या, रुंद घ्या, हवा काढा’: ट्रॅक डेच्या टायरबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅक डेची, म्हणजे आपलीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवसाची, तारीख जवळ आली की कोल्हापुरातल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. ट्रेडवेअरचा (टायरवर छापलेला झिजेचा) आकडा जेवढा कमी तेवढी ग्रिप जास्त, म्हणून सगळ्यात कमी आकड्याचा टायर घ्या. आहे त्याच रिमवर एक-दोन साइज रुंद टायर बसवा. ट्रॅकवर उतरण्याआधी हवा 20 पीएसआयवर आणा, आणि नायट्रोजन असेल तर पुन्हा बघायचीही गरज नाही. बजेट नसेल तर घासून गुळगुळीत झालेले टायर वापरा, तेच फुकटचे स्लिक (शर्यतीतले बिनखाचांचे टायर). आणि शेवटचं, सेमी-स्लिक (मोजक्याच खाचांचे ट्रॅकचे टायर) घालूनच इथून निघा, पावसात जरा सावकाश चालवा म्हणजे झालं.

या प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एक तुकडा आहे, म्हणूनच ते पटतं. पण सव्वा-दीड टनाची गाडी लांब सरळ पट्ट्यावरून पहिल्या वळणाला येते तेव्हा तेवढ्या तुकड्यावर भागत नाही.

ट्रेडवेअरपासून सुरुवात करू. टायरच्या बाजूवर 200, 300, 80 असा जो आकडा असतो, तो अमेरिकेच्या सरकारी प्रतवारीचा भाग आहे. टेक्सासमधल्या ठरलेल्या रस्त्यांवर गाड्यांचा ताफा सुमारे 11,500 किलोमीटर चालवतात आणि तपासायचा टायर एका प्रमाण टायरच्या तुलनेत किती झिजला ते मोजतात. प्रमाण टायरला 100 धरलं, तर 200 वाला दुप्पट टिकावा असा हिशोब. अंतिम आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते. या सगळ्यात ग्रिप कुठेच मोजलेली नाही. त्याच्या शेजारी जे ट्रॅक्शनचं अक्षर असतं, तेही फक्त ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारण्यापुरतं. वळणाशी त्याचा संबंध नाही.

मग 200 हा आकडा इतक्या टायरांवर का दिसतो? अमेरिकेतल्या हौशी स्पर्धांनी रस्त्यावरच्या टायरांच्या वर्गासाठी ‘किमान 200’ अशी अट घातली, आणि कंपन्यांनी त्या वर्गात बसतील असे टायर काढले. हँकूकचा व्हेंटस आरएस4 आणि योकोहामाचा ॲडव्हान ए052, दोन्हींवर 200 छापलेलं आहे. पहिला कणखर आहे. जरा उशिरा तापतो, पण वीस मिनिटं सलग पळवला तरी वागणं बदलत नाही, आणि बरेच ट्रॅक डे काढतो. दुसरा पहिल्याच फेरीत चिकटतो, पण जड गाडीखाली दोन-तीन जोरदार फेऱ्यांत गरम होऊन लोण्यावर चालल्यासारखा सरकू लागतो आणि झिजतोही भराभर. आकडा एकच, स्वभाव मात्र उत्तर-दक्षिण.

तेव्हा आकडा बाजूला ठेवा आणि आपलं सेशन, म्हणजे ट्रॅकवरची एक पाळी, किती मिनिटांचं आहे ते आधी विचारा. चेन्नईच्या इरुंगाट्टुकोट्टईची फेरी 3.7 किलोमीटरची. साधारण वेगवान गाडीला तिला सव्वादोन मिनिटांच्या आसपास लागतात, म्हणजे पंधरा मिनिटांत सहा-सात फेऱ्या. दुपारी डांबर तापलेलं असतं. अशा ठिकाणी फार मऊ टायरची गंमत अर्ध्या सेशनमध्येच संपते. उलट टाइम अटॅक असेल, दोनच फेऱ्यांची वेळ धरायची असेल आणि गाडी हलकी असेल, तर मऊ टायरचे पैसे वसूल होतात. पहिलाच ट्रॅक डे असेल तर दोन्ही नकोत. चांगला समर परफॉर्मन्स टायर घ्या. पकड सुटायच्या आधी तो आवाज करून सांगतो. सेमी-स्लिक बराच वेळ गप्प राहतो आणि सुटतो तेव्हा सावरायला वेळ फार कमी मिळतो. शिकणाऱ्याला त्या आवाजाची गरज असते.

दुकानातही दोन गोष्टी बघून घ्या. जून 2020 पासून टायरची आयात परवान्याखाली गेली आहे, त्यामुळे हवा तो टायर हव्या त्या साइजमध्ये मिळेलच असं नाही. ‘बाहेरून आलाय’ म्हणून जे दाखवतात त्यावर आयएसआयची खूण आहे का ते तपासा. आणि तारखेचे चार अंक वाचा. 2324 म्हणजे 2024 सालचा 23वा आठवडा. दुकानात चार वर्षं पडून राहिलेला मऊ टायर नवा दिसतो, पण मऊ राहिलेला नसतो.

आता रुंदीबद्दल. टायर जमिनीला किती टेकतो हे मुख्यतः त्याच्यावरचं वजन आणि आतली हवा ठरवतात. वजन तेच, हवा तीच, तर टेकणारं क्षेत्रफळही जवळजवळ तेच. रुंद टायरने त्याचा आकार बदलतो: लांबी कमी, रुंदी जास्त. वळणावर याचा फायदा खरोखर मिळतो, पण रिम जुळत असेल तरच. 225/45 आर17 ला (225 मि.मी. रुंद, 17 इंची रिमचा टायर) 7 ते 8.5 इंच रुंदीचं रिम चालतं. 245/40 आर17 ला किमान 8 इंच लागतं. कंपनीच्या 7 इंची रिमवर 245 चढतो, पंक्चरवाला चढवूनही देतो. पण दोन्ही कडा आत ओढल्या जातात, बाजूची भिंत फुग्यासारखी बाहेर येते आणि स्टिअरिंग फिरवल्यावर आधी टायर डुलतो, मग गाडी वळते. त्या रिमवर नीट बसलेला 225 जास्त वेगवान असतो. रुंदी वाढवायचीच असेल तर आधी रिमचे पैसे बाजूला काढा. मग पूर्ण स्टिअरिंग फिरवून आणि गाडी दाबून फेंडरच्या आतल्या लायनरला आणि शॉकच्या नळीला टायर घासतो का ते बघा.

त्याच पैशातून आधी कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल (उणे म्हणजे वरून आत), करून घेतलेला बरा. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना पुढे उणे अर्धा ते उणे एक अंशापर्यंतच कॅम्बर असतो. ट्रॅकवर उणे दोन ते अडीच लागतो. तो नसला की वळणावर टायरचा बाहेरचा खांदाच सगळं ओझं ओढतो, एका दिवसात सोलून निघतो आणि मधली-आतली नक्षी मात्र कोरी राहते. अलाइनमेंटवाले सांगतात, ‘या गाडीला कॅम्बर ॲडजस्ट होत नाही.’ कंपनीच्या बोल्टवर ते खरंच आहे. स्ट्रटला (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या खांबाला) कॅम्बर बोल्ट बसवले तर बऱ्याच गाड्यांत एक-दीड अंश मिळतो. त्यानंतर टो (चाकांची तोंडं सरळ आहेत की आत-बाहेर वळलेली) पुन्हा शून्याजवळ आणायला विसरू नका.

हवेचा मुद्दा सगळ्यात धोक्याचा. 20 चा आकडा बहुधा कार्टिंगमधून आलेला दिसतो. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकमुळे कार्टिंगची जाण घराघरांत आहे, आणि कार्टच्या स्लिकला 10 ते 15 पीएसआय पुरते, हेही बरोबर आहे. पण चालकासकट कार्टचं वजन पावणेदोनशे किलोच्या आत असतं. गाडीच्या टायरवर 91 असा भारांक असेल तर तो 615 किलो पेलतो, पण ते साधारण 36 पीएसआय हवेवर. 20 वर तोच टायर 400 किलोही धड पेलत नाही. सव्वा टनाच्या, पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचा पुढचा एक टायर नुसता उभा असतानाच जवळजवळ तेवढं ओझं घेतो. वर ब्रेक दाबला की काय होईल ते वेगळं सांगायला नको. भिंत दुमडते, टायर नक्षी सोडून बाजूवर चालतो, आतून तापतो आणि फार झालं तर रिमवरून निसटतो.

मेसेजमधला खरा तुकडा असा, की दारावरच्या स्टिकरवर गाडीच्या कंपनीने दिलेले 33 भरून ट्रॅकवर गेलात तर हवा फार वाढते. सकाळी 28 अंशाला 33 भरलं आणि आतली हवा 80 अंशापर्यंत गेली, तर गेज 41 च्या आसपास दाखवतं. टायर मधोमध फुगतो, कडा उचलल्या जातात. 28 पीएसआयने सुरुवात केली तर ते 35 ला पोचतं. 20 ने केली तर कसाबसा 26. रस्त्यावर चालणाऱ्या ग्रिपवाल्या टायरांना गरम असताना 32 ते 35 ही सुरुवात करायला चांगली जागा. त्या टायरच्या कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.

करायचं ते असं. पहिलं सेशन गार टायरवर 27-28 ने सुरू करा, चार-पाच फेऱ्या मारा आणि जास्त न रेंगाळता पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबायच्या जागेत) या. हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा. खाली उतरल्या उतरल्या चारही टायर मोजा. ट्रॅक घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असेल तर उजवी वळणं जास्त, म्हणून डाव्या बाजूचे टायर जास्त तापलेले असतात आणि त्यांत पुढचा डावा सगळ्यात जास्त. प्रत्येकातली हवा काढून गरम आकडा सारखा करा. गार झाल्यावर चारही वेगवेगळे दिसतील, ते बरोबरच आहे. हवा मात्र स्वतःच्याच गेजने मोजा, पंपावरच्या काट्यावर विसंबू नका. आणखी एक बारकावा: कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथे भरलेली हवा चेन्नईत, तेवढ्याच तापमानाला, गेजवर जवळजवळ 1 पीएसआय कमी दिसते. टायर गळत नसतो.

निघण्याआधी टायरच्या खांद्यावर, नक्षीपासून भिंतीपर्यंत, खडूची एक आडवी रेघ ओढा. बऱ्याच टायरांवर तिथे छोटा त्रिकोण कोरलेला असतो. परत आल्यावर खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला असेल तर ठीक. त्याच्या खाली भिंतीवर गेला असेल तर हवा कमी आहे. वरच थांबला असेल तर जास्त. जमल्यास सुईचा तापमापक आणा. टायर तापलेला असतानाच रबरात दोन-तीन मिलिमीटर सुई घालून आतली कड, मध्य आणि बाहेरची कड असं मोजा. मध्य सगळ्यात गरम, तर हवा कमी करा. बाहेरची कड आतल्यापेक्षा गरम, तर कॅम्बर कमी पडतोय. आतली पाच-दहा अंशांनी गरम असेल तर हात लावू नका. नुसता लाल ठिपक्याचा तापमापक पृष्ठभागच वाचतो, आणि पृष्ठभाग पिटमध्ये येईपर्यंत गार होऊन जातो.

नायट्रोजनने हवा वाढत नाही हे साफ चूक. तापलं की कुठलाही वायू सारख्याच हिशोबाने वाढतो, आणि साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. फरक करते ती वाफ. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढलं नसेल, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ते साचतंच, तर ओली हवा गरम झाल्यावर अंदाज सोडून वाढते. कोरडी हवा मिळाली की नायट्रोजनसाठी वेगळे पैसे नकोत. मोजायचं मात्र दोन्हींत सुटत नाही.

गुळगुळीत टायरबद्दल थोडक्यात. नक्षी कमी उरली की रबराच्या ठोकळ्यांचं डुलणं कमी होतं आणि कोरड्यात पकड जरा सुधारते, हे खरं. म्हणूनच काही शर्यतवाले नवा टायर तासून घेतात. पण तो टायर ताजा असतो. तुमचा चाळीस हजार किलोमीटर चाललेला टायर उन्हाने आणि तापण्या-निवण्याने कडक झालेला असतो. खऱ्या स्लिकचं रबरच वेगळं असतं, नुसत्या खाचा नसल्याने टायर स्लिक होत नाही. त्यातून वर रबर इतकं पातळ उरलेलं असतं की उष्णता थेट आतल्या पट्ट्याला लागते, आणि ब्रेकने चाक एकदा जाम होऊन घसटलं तरी तार दिसू शकते. असा टायर घेऊन ट्रॅकवर जाऊच नका.

राहिला जाण्या-येण्याचा प्रश्न. चेन्नई असो वा कोइम्बतूर, इथून नऊशे किलोमीटरच्या वर. सेमी-स्लिकला नवा असतानाच साधारण 5 ते 6 मि.मी. नक्षी असते आणि कायद्याने 1.6 च्या खाली जाता येत नाही. म्हणजे हातात चार मिलिमीटर. त्यातलं बरंचसं हायवेवर का घालवायचं? आणि पाऊस. रस्त्यावर 3 मि.मी. पाणी आहे, टायर 20 सेंटिमीटर रुंद आहे आणि वेग 80, तर त्या एका टायरला दर सेकंदाला 13 लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, जवळजवळ एक बादली. मोजक्या खाचांचा टायर ते कुठून करणार? जुलैत निपाणीच्या पुढे तवंदी घाटात ‘जरा सावकाश’ म्हणजे नेमकं किती, हे मेसेज सांगत नाही. गार, ओल्या डांबरावर मऊ टायर तापतही नाही, म्हणजे खाचाही नाहीत आणि चिकटपणाही नाही.

रिमचा दुसरा सेट करा. मागची सीट पाडली की सोळा-सतरा इंची चार चाकं बऱ्याच गाड्यांत बसतात. त्यांना पट्ट्याने घट्ट बांधा, ब्रेक मारल्यावर ती पुढे यायला नकोत. ट्रॅकवर बदलताना टॉर्क रेंचच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) वापरा आणि गाडीच्या पुस्तकातला आकडा लावा, फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच गाड्यांना 120 न्यूटन-मीटर. पहिल्या सेशननंतर, चाकं निवल्यावर, पुन्हा तपासा. नवे टायर असतील तर पहिल्यांदा दहा-पंधरा मिनिटं हळूहळू वेग वाढवत तापवा आणि जमलं तर चोवीस तास विश्रांती द्या. पहिल्याच फेरीला पिळून काढलेला मऊ टायर लवकर मरतो.

दुसरा सेट नसेल आणि त्याच टायरवर परतायचं असेल, तर ट्रॅकवर गरम असताना 34 केलेला टायर दुसऱ्या दिवशी सकाळी 26-27 दाखवतो. तसंच चार माणसं आणि सामान घेऊन हायवेला लागू नका. आधी टायर गार असताना दारावरच्या आकड्याइतकी हवा भरा, भिंतीवर फुगवटा आणि नक्षीत चिरा हाताने चाचपून बघा, चारही चाकांचे बोल्ट रेंचने तपासा. शंभर किलोमीटरवर चहाला थांबाल तेव्हा पुन्हा एकदा रेंच लावा.