एक्स-रे स्वच्छ आला म्हणून पाण्यात उतरायचं?

स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांमध्ये एक मजकूर बरेच दिवस फिरतोय. फुप्फुसाचं मोठं दुखणं होऊन गेलेल्यांना धीर यावा म्हणून कुणीतरी तो मनापासून लिहिलेला दिसतो. मला तो तीन वेगवेगळ्या मित्रांनी पाठवला. त्याचा गोषवारा असा: फुप्फुस एकदा भरून आलं की पहिल्यासारखं होतं. सहा आठवडे थांबा, एक्स-रे काढा. विमानात बसता येतंय, धावता येतंय, तर पाण्यात जायला काय हरकत आहे? सुरुवातीला दहा-बारा मीटरच्या खाली जाऊ नका, नायट्रॉक्स (टाकीत भरायचं, नायट्रोजन कमी आणि ऑक्सिजन जास्त असलेलं मिश्रण) वापरा, सावकाश वर या. अमक्यातमक्याने असंच केलं आणि नंतर शेकडो डाइव्ह मारले. डॉक्टर घाबरवतील, पण त्यांना डायव्हिंगमधलं काही कळत नाही.

शेवटचं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे. त्याच्याकडे नंतर येतो.

आधी माझं सांगतो. माझं डावं फुप्फुस कोलॅप्स झालं ते कोरड्या जमिनीवर, बुटाची नाडी बांधायला वाकलो असताना. छातीत बारीक टोचल्यासारखं झालं, कळ खांद्यात गेली आणि श्वास अर्ध्यातच अडायला लागला. न्यूमोथोरॅक्स. फुप्फुसाला कुठेतरी छोटं भोक पडतं, हवा फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्या मधल्या फटीत शिरते आणि फुप्फुस आक्रसत जातं. दोन बरगड्यांमधून नळी घातली. नळीचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलेलं होतं. खोकलो की बाटलीत बुडबुडे. पाण्यातले बुडबुडे बघत माझी बरीच वर्षं गेली, पण असे आडवं पडून, आपल्याच छातीतून निघालेले बघायची वेळ पहिलीच. चौथ्या दिवशी ते थांबले. आठवडाभराने मी जिने चढत होतो. त्यामुळे या मजकुराची भुरळ का पडते ते मला चांगलं ठाऊक आहे.

सगळ्यात घातक सल्ला सगळ्यात साळसूद दिसतो: ‘दहा-बारा मीटरच्या वर राहा.’ उथळ म्हणजे सुरक्षित हे नायट्रोजनच्या, म्हणजे खोलवर अंगात विरघळून वर येताना त्रास देणाऱ्या वायूच्या, बाबतीत बरोबर आहे. फुप्फुसाच्या बाबतीत ते नेमकं उलटं आहे. पृष्ठभागावर हवेचा दाब १ बार असतो आणि समुद्रात दर १० मीटरला साधारण १ बारची भर पडते. ४० मीटरवरून ३० वर आलात तर दाब ५ बारवरून ४ वर येतो, म्हणजे कोंडलेली हवा सव्वापट होते. १० मीटरवरून पृष्ठभागावर आलात तर तो २ वरून १ वर येतो आणि तीच हवा दुप्पट होते. अंतर तेच, दहा मीटर. बॉइलने हा नियम १६६२ साली मांडला आणि आपल्या सगळ्यांना तो शाळेत पाठ होता, पण ‘आपण फक्त उथळ पाण्यात जाऊ’ म्हणताना तो कुणाला आठवत नाही. छाती पूर्ण भरलेली आणि श्वास रोखलेला असेल, तर जेमतेम एक-सव्वा मीटर वर येणंसुद्धा फुप्फुस फाटायला पुरू शकतं. पोहण्याच्या तलावात सराव करतानाही असे अपघात झालेले आहेत. नवशिक्याला पहिल्याच दिवशी ‘काही झालं तरी श्वास रोखायचा नाही’ असं बजावतात, ते उगीच नाही.

आणि हा नियम फुप्फुसाबाहेर निसटलेल्या हवेलाही लागू आहे. समजा, २० मीटरवर असताना फुप्फुसाला पुन्हा भोक पडलं आणि अर्धा लिटर हवा त्या फटीत गेली. अर्धा लिटर म्हणजे फार काही नाही, एखाद्याला नुसती कळ जाणवेल. पण पृष्ठभागाला येईपर्यंत त्याच हवेचा दीड लिटर होणार. फुप्फुस दाबलं जाणार, मग हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्याही दाबल्या जाणार. जमिनीवर डॉक्टर सुई टोचून ही हवा बाहेर काढतात. पाण्याखाली तो मार्ग नाही. खाली थांबावं तर टाकी संपते, वर यावं तर हवा फुगते. जमिनीवर न्यूमोथोरॅक्स होण्यात आणि पाण्याखाली होण्यात फरक आहे तो हा, आणि त्या मजकुरात याबद्दल एक ओळ नाही.

‘सावकाश वर या’ हा एरवी उत्तम सल्ला. पण सावकाश आल्याचा फायदा हवेला बाहेर पडायला वाट असेल तरच होतो. फटीत अडकलेल्या हवेला वाटच नाही. तुम्ही पाच मिनिटांत या नाहीतर पंचवीस मिनिटांत, दीड लिटरचा सव्वा लिटर होत नाही. नायट्रॉक्सचं तर इथे काही कामच नाही. त्यात नायट्रोजन कमी असतो, बस्स. फुगण्याच्या बाबतीत सगळे वायू सारखेच.

विमानाचा मुद्दा ऐकायला पटतो, कारण तिथेही दाब बदलतो. किती बदलतो ते बघा. प्रवासी विमानाच्या केबिनमधला दाब फार तर साधारण २,४०० मीटर उंचीवर असतो तितका खाली येतो, म्हणजे पाऊण बारच्या आसपास. कोंडलेली हवा तिथे एक-तृतीयांशाने वाढते, आणि तीही विमान सावकाश वर चढत असताना. पाण्यात तेवढी वाढ शेवटच्या तीन-साडेतीन मीटरमध्ये होऊन जाते. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी विमानप्रवासाला, फुप्फुस पूर्ण उघडल्याचं एक्स-रेवर दिसल्यानंतर आठवडाभराने, हरकत घेत नाही. त्याच संस्थेच्या डायव्हिंगबद्दलच्या २००३ च्या मार्गदर्शनात आपोआप झालेल्या न्यूमोथोरॅक्सनंतर डायव्हिंग करू नये असं म्हटलंय. अपवाद एकच: दोन्ही बाजूंची प्ल्युरेक्टॉमी, म्हणजे छातीच्या आतलं अस्तर काढण्याची शस्त्रक्रिया, झालेली असावी आणि त्यानंतर फुप्फुसाची क्षमता व सीटी स्कॅन दोन्ही नॉर्मल असावेत. एकाच संस्थेची विमानाला वेगळी आणि पाण्याला वेगळी फूटपट्टी आहे, म्हणून ‘विमान चालतं तर पाणीही चालतं’ हे टिकत नाही.

दोन्ही बाजू का, फुटलं तर एकच होतं ना? कारण आपोआप फुटणाऱ्या फुप्फुसात बहुधा वरच्या टोकाला पातळ भिंतीचे फोड असतात. उंच, सडपातळ तरुणांमध्ये हे जास्त दिसतं, सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये आणखी जास्त. एका बाजूला असले तर दुसऱ्या बाजूलाही असू शकतात. शस्त्रक्रिया न केलेल्या साधारण दर तिघांतल्या एकाला न्यूमोथोरॅक्स पुन्हा होतो. साध्या एक्स-रेवर हे फोड बहुतेक वेळा दिसत नाहीत. एक्स-रे सांगतो ते इतकंच, की फुप्फुस उघडलं. ते का फुटलं होतं याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. सीटी बरंच जास्त दाखवतो, पण स्वच्छ सीटी म्हणजे हमीपत्र नव्हे.

‘ऑपरेशन झालंय, फुप्फुस चिकटवून टाकलंय, आता कोलॅप्स होऊच शकत नाही’ असंही त्या मजकुराखाली कुणीतरी जोडलेलं असतं. चिकटवलं की कोलॅप्स होण्याची शक्यता बरीच घटते, हे खरं. पण फाटण्याचं काय? हवा आत अडकून वायुकोश फाटले तर ती हवा बाहेरच्या फटीतच जाते असं नाही. ती फुप्फुसातल्या रक्तवाहिनीत शिरते, तिथून हृदयाच्या डाव्या बाजूला आणि तिथून थेट मेंदूत. याला एअर एम्बॉलिझम म्हणतात. माणूस वर येतो आणि काही मिनिटांत लुळा पडतो, नाहीतर बेशुद्ध होतो. फुप्फुस छातीला चिकटवून ठेवल्याने हा रस्ता बंद होत नाही.

मजकूर फुप्फुसाची सगळी दुखणी एका पोत्यात भरतो, हीसुद्धा मोठी चूक. अपघातात बरगडी घुसून फुप्फुस फुटलं असेल तर कारण बाहेरचं होतं. ते नीट भरून आलं, स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसाच्या क्षमतेची तपासणी) आणि सीटी नॉर्मल आले, तर परतीचा विचार होऊ शकतो. तीच ब्रिटिश संस्था तसं म्हणते. घाबरून, श्वास रोखून वर आल्यामुळे फाटलं असेल तर तिथेही कारण हाताशी आहे, आणि सगळ्या तपासण्या करून, काही महिने थांबून परवानगी देणारे तज्ज्ञ आहेत. याउलट सगळे नियम पाळून, शांतपणे वर येऊनही जर फाटलं असेल, तर ते सगळ्यात वाईट लक्षण. हवा अडकवणारं काहीतरी आतच आहे. गंमत म्हणजे नेमकी हीच माणसं म्हणतात, ‘माझी काही चूक नव्हती, म्हणजे मला धोका नाही.’

फुप्फुसात पाणी भरण्याचा प्रकार आणखी वेगळा. शरीर पाण्याखाली गेलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं. थंड पाणी, जोराचे श्रम, वाढलेलं ब्लडप्रेशर यांची भर पडली की काहींच्या फुप्फुसात आतूनच द्रव झिरपतो. खोकला, धाप, कधी गुलाबी फेस. वर आल्यावर एक-दोन दिवसांत सगळं ओसरतं आणि एक्स-रे स्वच्छ येतो, म्हणून ‘नाकातोंडात पाणी गेलं असेल’ म्हणत विषय मिटवला जातो. इथे मूळ बिघाड बऱ्याचदा फुप्फुसात नसतोच. हृदयाची इको आणि ब्लडप्रेशर तपासावं लागतं. आणि हा त्रास पुन्हा पुन्हा होतो, कधी नुसतं पृष्ठभागावर पोहतानाही.

शेकडो डाइव्ह मारलेल्या त्या अमक्यातमक्याबद्दल एवढंच, की तो सुखरूप आहे म्हणून त्याची गोष्ट आपल्यापर्यंत पोचली. ज्यांना जमलं नाही ते मजकूर लिहायला उरले नाहीत. शिवाय पाण्यात तुम्ही एकटे नसता. तुम्ही तडफडायला लागलात की बडी, म्हणजे तुमचा डायव्हिंगचा जोडीदार, सेफ्टी स्टॉप (वर येण्याआधी काही मिनिटं थांबायचा टप्पा) सोडून तुम्हाला वर खेचणार, म्हणजे धोका त्यालाही. डायव्हिंगआधी भरायच्या, २०२० मध्ये नव्याने आलेल्या वैद्यकीय फॉर्ममध्ये न्यूमोथोरॅक्स नाव घेऊन विचारलेला आहे. तिथे ‘नाही’वर खूण करणारा माणूस बडीच्या जिवाचाही निर्णय परस्पर घेत असतो.

आता डॉक्टरांना डायव्हिंग कळत नाही याबद्दल. माझ्या छातीच्या डॉक्टरांनी शेवटचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, “झकास. आता काहीही करा.” मी विचारलं, “डायव्हिंग?” “पोहणं ना? करा की.” चांगले डॉक्टर होते, नळी त्यांनीच घातली होती. त्यांना कळत नव्हतं हे खरं, पण त्या न कळण्यातून परवानगीच मिळाली, भीती नव्हे. ‘डॉक्टर घाबरवतात’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

नंतर मी डायव्हिंग मेडिसिनमधल्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी एक्स-रेच्या पाकिटाला हातही लावला नाही.

“झालं तेव्हा काय करत होतात?”

“बुटाची नाडी बांधत होतो.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. पुढचं मला त्यांनी सांगायची गरज पडली नाही. माझा रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र) आणि बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जाकीट) आता एका मित्राकडे असतात. मास्क आणि स्नॉर्केल मी ठेवून घेतलंय. पृष्ठभागावर तरंगत खाली बघताना बाकीच्यांचे बुडबुडे वर येताना दिसतात, आणि वर येता येता ते केवढाले फुगतात, तेही दिसतं.