मोबाईलवर तर क्लिअर दिसतंय की!

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्ड, हॅण्डबिलं आणि बारा महिने तेरा काळ फ्लेक्स. लोकांना वाटतं, या धंद्यात डोकेदुखी असते ती कागदाच्या भावाची आणि उधारीची. उधारी आहेच. पण तिला निदान शेवट असतो. माणूस कधीतरी पैसे देतो, नाहीतर गाव सोडतो. फाइलीचं तसं नाही.

गिऱ्हाईक आत येतं तेच मोबाईल पुढे धरून. "मालक, हा फोटो. दहा फुटी फ्लेक्स. संध्याकाळी न्यायला येतो." फोटो चार ग्रुप फिरून आलेला असतो. जेपीजी हा फोटोच्या फाइलीचा प्रकार १९९२ साली ठरला तोच मुळी फाइल लहान व्हावी म्हणून. डोळ्याला सहसा कळणार नाही ते वगळायचं आणि बाकीचं ठेवायचं. एकदा वगळलं तर खरंच कळत नाही. पण प्रत्येक मुक्कामी सेव्ह होऊन पुन्हा पाठवला जाताना थोडं थोडं वगळत माझ्यापर्यंत जो पोचतो, त्याच्यात ठेवण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. साधा पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधारण १६०० पिक्सेलांचा, म्हणजे लांबीला तेवढ्या ठिपक्यांचा, होऊन येतो. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे हा फोटो धड छापायचा तर जेमतेम सव्वापाच इंच. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्याला इंचाला ७२ सुद्धा पुरतात. पण दहा फूट म्हणजे १२० इंच. भागून बघा, इंचाला तेरा येतात.

हे गणित मी पूर्वी कॅल्क्युलेटर काढून सांगायचो. माणूस शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "पण मोबाईलवर तर क्लिअर दिसतंय की!"

मोबाईलवर कोणीही क्लिअर दिसतो. तोच चेहरा दहा फुटांवर ताणला की मिशी कुठे संपते आणि ओठ कुठे सुरू होतो, हे ठरवायला सरकारी मोजणी आणावी लागते. आणि वाढदिवस भाऊंचा असेल तर मिशीत तडजोड चालत नाही.

म्हणून मी काउंटरवर पाटी लावली : 'फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.' तसा पाठवला तर फोटो न दबता, जसाच्या तसा येतो. पाटीचा परिणाम लगेच दिसला. एकाने आधार कार्ड पाठवलं. दुसऱ्याने आधारसोबत सातबाराही पाठवला, न जाणो लागला तर. तिसरा जरा शिकलेला. त्याने फोटो वर्डच्या फाइलीत चिकटवला, फाइलीची प्रिंट काढली आणि त्या प्रिंटचा मोबाईलने फोटो काढून पाठवला. साधा. डॉक्युमेंट म्हणून नव्हे.

स्क्रीनशॉटवाल्यांबद्दल मी फार बोलत नाही. गेल्या गणेशोत्सवात आमच्या चौकातल्या एका फ्लेक्सवर बाप्पांच्या मुकुटाशेजारी बॅटरी चौदा टक्के दिसत होती. तो माझ्याकडचा नव्हता, एवढंच सांगतो.

आयफोन हप्त्यावर मिळायला लागल्यापासून गावात एचईआयसी नावाच्या फाइली शिरल्या आहेत. अ‍ॅपलने २०१७ पासून हा प्रकार घेतला. तेवढाच फोटो जवळपास निम्म्या जागेत बसतो, हे चांगलंच आहे. फक्त माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरला ते अजून कळलेलं नाही. पडद्यावर फाइलीच्या जागी कोरा कागद दिसतो आणि आयफोनवाला माझ्याकडे दयेने बघतो. एवढा महागाचा फोन, त्यात खोट असणार कशी? "मालक, कॉम्प्युटर बदला आता." मग त्याचाच फोन हातात घेऊन सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स असं करत 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडून देतो. त्याने पुढचे फोटो जेपीजी निघतात. आधी काढलेले आहेत तसेच राहतात, आणि त्याला हवा असतो तो आधीचाच.

लोगोची गोष्ट निराळी. पीएनजी प्रकारच्या फाइलीत चित्राची मागची बाजू पारदर्शक ठेवता येते, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. कॉम्प्युटरवर ती पारदर्शकता पांढऱ्या-करड्या चौकड्यांनी दाखवतात. नेटवरून पोरं जो लोगो उतरवून आणतात त्यात त्या चौकड्या चित्रातच असतात, बुद्धिबळाच्या पटासकट. पतसंस्थेचा लोगो पाहिजे म्हटलं तर सचिव रस्त्यावर जाऊन पाटीचा फोटो काढून आणतात. त्यात मधून विजेची तार गेलेली आणि तारेवर कावळा. मग मी बसतो आणि कोरल या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघेवर रेघ मारत लोगो नव्याने काढतो. बिल शंभर व्हिजिटिंग कार्डांचं. लोगोचे वेगळे पैसे मागितले तर सचिव म्हणतात, "पैसे कसले? लोगो आमचाच आहे."

रंगांचं रडगाणंही थोडक्यात आवरतो. मोबाईलचा पडदा उजेडातून रंग करतो, छपाई चार शाया मिसळून. मोबाईलवर पेटलेला भगवा कागदावर थोडा निवतो, रेडियमचा हिरवा तर उतरतच नाही. हे कार्यकर्त्याला समजावण्यात काही अर्थ नसतो. त्याला यात विरोधकांचा हात दिसतो.

वाद होत नाही तो फक्त 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या वेळी. माणूस अख्खं आयुष्य शेतात काढतो आणि त्याचा धड असा एकच फोटो असतो, आधार कार्डावरचा. त्याचीही झेरॉक्स. नाहीतर पुतण्याच्या लग्नातला, ज्यात खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा हात आणि कानाजवळ नवरीच्या मुंडावळ्या. तिथे मी पिक्सेल काढत नाही. चेहरा हळूच कापून घेतो, सुरकुत्या अंदाजाने भरतो आणि खाली खांदे लावतो. खांदे माझ्याकडे तयार असतात : एक पांढरा नेहरू शर्ट, एक सफारी, एक काळा कोट. घरच्यांना बहुधा कोट आवडतो. तालुक्यातले निम्मे दिवंगत आज एकाच कोटात आहेत. त्या कोटाचा मूळ मालक कोण, हे मलाही माहीत नाही. तो हयात असावा अशी इच्छा आहे. एका आजींनी फ्लेक्स हातात आल्यावर बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "कोटात बरे दिसतात. आधी सांगितलं असतं तर शिवला असता." त्या दिवशी मी बिलातले पन्नास रुपये कमी केले.

आणि मग पुण्यातला भाचा असतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक असतो. तो सीडीआर फाइल पाठवतो, कोरलच्या नव्या व्हर्जनमधली. नव्याची फाइल जुन्यात उघडत नाही आणि माझं कोरल कॉम्प्युटरइतकंच जुनं आहे. जुन्या व्हर्जनला सेव्ह करून पाठव म्हटलं तर पाठवतो, पण फॉन्ट पाठवायला विसरतो. 'चि. सौ. कां.' च्या जागी पडद्यावर नुसती टिंबं आणि परकी अक्षरं नाचतात.

पण यंदाच्या लग्नसराईत चमत्कार झाला. पुण्यात उपयोजित कला शिकणाऱ्या एका मुलीने बहिणीच्या पत्रिकेची फाइल स्वतः करून पाठवली. पीडीएफ. चार शायांच्या रंगांत. फोटो ३०० चे. कापणीसाठी चारही बाजूंनी तीन मिलिमीटर जादा. फॉन्टची भानगड नको म्हणून सगळी अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षर हे अक्षर न राहता चित्रच होऊन जातं आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर तसंच दिसतं. फाइल मी मोठी करून पाहिली, आणखी मोठी करून पाहिली. मग बायकोला बोलावून दाखवली. ती म्हणाली, "बरं," आणि आत गेली.

छपाईची प्लेट करायला पाठवणार तोच मुलीच्या वडिलांचा फोन. "मालक, पत्रिका एक नंबर झालीय. एक नाव तेवढं घाला. आत्याबाईंचे मिस्टर राहिलेत. रुसतील."

कर्व्ह केलेल्या अक्षरांत नाव घालणं म्हणजे तोच फॉन्ट शोधणं आला, नाहीतर एकेक अक्षर हाताने काढणं. मुलीला फोन लावला. परीक्षा चालू, फोन बंद. वडिलांना म्हटलं, निदान नाव तरी बिनचूक लिहून पाठवा, ऱ्हस्व-दीर्घासकट.

"लिहायचं कशाला? मागच्या लग्नाच्या पत्रिकेत छापलेलं हाय की. फोटो काढून टाकतो."

दोन मिनिटांत फोटो आला. घडीची पत्रिका मिटू नये म्हणून त्यांनी ती अंगठ्याने दाबून धरली होती. अंगठा एकदम स्पष्ट आला होता, नखाच्या कडेची माती दिसेल इतका. नाव त्याच्याखाली.