गाडीत सगळं एकत्रच जातं, मग घरी वेगळं कशाला?

नमस्कार,

‘त्रस्त करदाता’ या नावानं तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. तेव्हा राग बाजूला ठेवून सविस्तर लिहिते.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: पालिकांनी भिंती रंगवण्यापेक्षा आणि हिरवे-निळे डबे वाटण्यापेक्षा दारोदार जाणाऱ्या कचरावेचकांच्या व्यवस्थेवर पैसा घालावा, म्हणजे घरं आपोआप कचरा वेगळा करू लागतील, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: पालिकेची गाडी ओला-सुका एकत्रच कोंबते, तेव्हा घरी वेगळं करणारा मूर्ख ठरतो. आपल्या लोकांना शिस्तच नाही, दंड लावल्याशिवाय सरळ होणार नाहीत. जर्मनीत तुमचा भाचा बाटलीसुद्धा परत नेऊन देतो, इथं कोण देणार? आणि शेवटी, मी ‘कचरावेचकांची आरती’ ओवाळली आहे.

गाडीचं आधी. तिथं तुमचंच बरोबर आहे आणि मी ते लेखात एका वाक्यात गुंडाळायला नको होतं. आमच्या पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी हेच झालं. दारोदार कचरा नेणारी आमची नेहमीची कचरावेचक ताई आजारी पडली, महिनाभर एक गाडी यायला लागली. चौथ्या मजल्यावरचे काका गॅलरीतून बघत होते. त्यांनी नीट बांधून दिलेली सुक्या कचऱ्याची पिशवी खरकट्यावर पडली. त्यांनी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, आणि दोन वर्षांच्या समजावणीवर आठवड्यात पाणी पडलं. मी सेक्रेटरी होते, मला उत्तर देता आलं नाही.

पण गाडीवाला असं का करतो, हेही बघा. बऱ्याच शहरांत वाहतुकीच्या कंत्राटदाराला पैसे टनावर मिळतात. काट्यावर गाडी जितकी जड, तितकं बिल मोठं. पुठ्ठा, बाटल्या, पिशव्या बाजूला काढल्या तर त्याचं वजन कमी होणार आणि फेरीचा वेळ वाढणार. मग तो वेगळं का ठेवेल? २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करायचे, हे स्पष्ट होतं. नियम घराला लागू आणि बिल मात्र टनाला, असा हा कारभार आहे. कंत्राटाची ही अट बदलणं पालिकेच्याच हातात असतं, त्यासाठी नागरिकांचं प्रबोधन लागत नाही.

आता शिस्त. हा मुद्दा मला अजिबात मान्य नाही. तुमच्या घरातली रद्दी आठवा. वर्तमानपत्रांचा गठ्ठा महिनाभर कोपऱ्यात सरळ रचलेला असतो, त्यावर आमटीचा एक थेंब सांडत नाही. का? रद्दीवाला किलोवर पैसे देतो आणि ओली रद्दी घेत नाही. जुन्या साड्या बोहारणीसाठी वर्षानुवर्षं कपाटाच्या तळाशी नीट घडी करून ठेवलेल्या असायच्या, एका पातेल्यासाठी आमची आजी तिच्याशी तासभर हुज्जत घालायची. आईनं दुधाच्या पिशव्या धुऊन खिडकीच्या गजाला वाळत लावलेल्या मला अजून दिसतात. हेच घर, हीच माणसं. वर्गीकरण आपल्याला येतं. ज्या वस्तूला घेणारा माणूस आणि ठरलेला वार आहे, ती वस्तू आपण न सांगता वेगळी ठेवतो.

म्हणून मी कचरावेचकांवर एवढं लिहिलं. आरती नव्हती ती. पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ साली उभी राहिली, डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी महिला विद्यापीठात काम करणाऱ्या काहीजणींच्या पुढाकारानं. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा पालिकेशी करार झाला. यातली मेख पगारात आहे, किंवा पगार नसण्यात. ताईला पालिका पगार देत नाही. घरटी महिन्याचं शुल्क तिला घरांकडून मिळतं आणि सुका कचरा विकून येतील ते पैसेही तिचेच. म्हणजे तुम्ही पुठ्ठ्यावर वरण सांडलंत तर तिचं नुकसान होतं, थेट त्याच दिवशी. ती दारात उभी राहून बोलते: “ताई, ही बाटली वेगळी द्या की.” पालिकेचं पत्रक असं बोलत नाही. आणि रोज तीच बाई दारात येत असेल तर माणसाला लाज वाटते, हे मी स्वतःवरून सांगते.

लाल ठिपक्याचं उदाहरण मागच्या लेखात राहून गेलं. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडे देऊ नका, कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, एवढीच विनंती ‘स्वच्छ’च्या बायकांनी केली. तत्पूर्वी २०१३ मध्ये त्यांनी वापरलेले पॅड पिशव्यांत भरून थेट उत्पादक कंपन्यांकडे पाठवले होते. कंपन्यांना बसलेला धक्का सोडून द्या. लाल ठिपका मात्र बऱ्याच घरांत टिकला, आमच्या इमारतीतही. एक खूण, एक कारण, ते कारण सांगणारी बाई ओळखीची. ‘स्वच्छ शहर, सुंदर शहर’ या घोषणेनं काय करायचं ते कधी कळतं का?

दंडाबद्दल. मी सरसकट विरोधात नाही. मोठी सोसायटी, मंगल कार्यालय, हॉटेल मिश्र कचरा देत असेल तर खुशाल लावा. पण घरटी दंड कोण लावणार? आरोग्य निरीक्षक आणि मुकादम मिळून किती पिशव्या उघडून बघणार? दोन आठवडे मोहीम चालते, फोटो निघतात, पावत्या फाडल्या जातात आणि मग तेच कर्मचारी निवडणुकीच्या किंवा पावसाळ्याच्या कामाला जातात. दंडापेक्षा ‘मिसळलेला कचरा आज उचलणार नाही’ हे जास्त चालतं, अट इतकीच की वेगळा दिलेला कचरा त्याच दिवशी वेगळाच गेला पाहिजे.

कोकणातल्या वेंगुर्ल्याचं नाव काढू नका, ते गाव केवढंसं, असं तुम्ही आधीच बजावलंय. ठीक, नाही काढत. पण तिथं कचरा डेपोचं पर्यटनस्थळ करून दाखवणारे मुख्याधिकारी रामदास कोकरे पुढे कल्याण-डोंबिवलीत उपायुक्त म्हणून गेले, आणि ते काही छोटं गाव नव्हे. २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, तिथं हीच पद्धत सुरू झाली: ओला रोज, सुक्याला ठरलेले वार, मिश्र कचरा उचलायचा नाही. २०२१ मध्ये तिथल्या आधारवाडीच्या कचऱ्याच्या डोंगरावर नवा कचरा टाकणं थांबलं. सगळं गोडीगुलाबीनं झालं नाही. कचरा शुल्कावरून बरीच ओरड झाली, ती अगदीच चुकीची होती असंही मी म्हणणार नाही.

सवलतीचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण दुसऱ्या एका वाचकानं काढलाय, म्हणून इथंच. पुणे पालिका गांडूळखत, सौर ऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक करणाऱ्यांना मिळकत करात पाच टक्के, दोन करणाऱ्यांना दहा टक्के सूट देते. कागदावर छान. आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या खताच्या खड्ड्यावर फळी टाकून दोन स्कूटर लावलेल्या मी कितीतरी वर्षं बघत होते, सूट चालूच. सूट द्यायची तर वर्षातून एकदा कुणीतरी झाकण उघडून बघायला हवं.

भाच्याच्या बाटलीकडे येते. जर्मनीत एकदाच वापरायची बाटली विकत घेतानाच पंचवीस सेंट अनामत घेतात, दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की ती परत मिळते. भाचा शिस्तीचा असेलच, पण त्याचे पंचवीस सेंटही अडकलेले असतात. आपल्याकडे मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीला किमान पन्नास पैसे परत द्यायची तरतूद होती. तुम्हाला कधी मिळाले? मलाही नाही. दूधवाला म्हणतो दुकानदाराला विचारा, दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा. दक्षिण कोरियात १९९५ पासून कचऱ्याच्या ठरावीक पिशव्या विकत घ्याव्या लागतात, जितका कचरा तितका खर्च. तेही आपल्याकडे आणा, असं कुणी सुचवेल. मला भीती वाटते की आपल्याकडे त्या पिशवीचे पैसे वाचवायला लोक ओढ्याचा रस्ता धरतील. मुठा नदी बघितली असेलच तुम्ही.

मग पालिकेनं करायचं काय, हे तुम्ही जरा कुत्सितपणे विचारलंत. माझं उत्तर एका गोष्टीपुरतं आहे. वेफर्सची, बिस्किटांची, शाम्पूची ती चकचकीत पाकिटं, ज्यांना भंगारात कवडीही मिळत नाही, ती उचलल्याबद्दल वेचकाला किलोमागे पैसे द्या. पुठ्ठ्याची आणि बाटल्यांची काळजी बाजार घेतो. त्याच्यापलीकडचं ती बाई आज फुकट वाहते, किंवा वाहत नाही. त्याच्या जोडीला प्रभागात निवडायला पत्र्याची शेड हवी, वर छप्पर आणि नळ असलेली. आज निवडणं फूटपाथवर चालतं आणि मग आपणच तक्रार करतो की घाण करतात. ‘स्वच्छ’चा करार संपला की मुदतवाढीसाठी ताटकळत ठेवणंही थांबवा. पुढच्या महिन्यात आपण असू की नाही हे माहीत नसलेली बाई तुम्हाला वर्गीकरण काय शिकवणार?

हे सगळं आपल्यापुरतं, शहरापुरतं झालं. २०१७ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या कचरा डेपोला आग लागली आणि तो डेपो ज्यांच्या गावात आहे त्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी तीन आठवडे गाड्या अडवल्या, तेव्हा आपल्या गल्ल्यांत जो वास सुटला होता तो त्यांना रोजचा होता. ‘करदाता’ तेही आहेत.

तुमचा शेवटचा प्रश्न: ‘तुमच्या सोसायटीत तरी सगळे करतात का?’ नाही. अठ्ठेचाळीस घरांपैकी नऊ अजून एकत्रच देतात, त्यातलं एक आमच्याच मजल्यावर आहे. आणि थर्माकोलचं काय करायचं, असं जे तुम्ही कंसात विचारलंत, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या फ्रिजबरोबर आलेलं थर्माकोल दोन वर्षं माळ्यावर पडून आहे. ताई म्हणते, “ठेवा, कुणी घेणारा भेटला तर सांगते.”