‘टेस्टिंगवाल्यांचे शौक’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मागच्या लेखात माझं म्हणणं एवढंच होतं की टेस्ट एन्व्हायर्न्मेंटची (सॉफ्टवेअर तपासायला उभारलेल्या सर्व्हर-डेटाबेसची) तब्येत प्रॉडक्शनइतक्याच (ग्राहक वापरतात त्या सिस्टिमइतक्याच) नेमाने तपासली पाहिजे आणि त्या तपासणीची नोंद टेस्टरला बघता आली पाहिजे. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेस्ट एन्व्हायर्न्मेंटसाठी रात्री अलर्ट लावणं वेडेपणा आहे, दर मिनिटाला तपासत बसलं तर सर्व्हरवर लोड येतो, ॲप्लिकेशन ठीक चाललंय का हे दाखवणारं हेल्थ पेज असतंच, वेगळं काय हवंय, आणि आजकाल सगळं कंटेनरमध्ये (तात्पुरत्या, बंदिस्त डब्यात) उभं करतात, टेस्ट संपली की मोडून टाकतात. शेवटचं वाक्य मात्र जसंच्या तसं देतो: ‘भाऊ, ज्यांनी रात्री दोनला प्रॉडक्शनचा फोन कधी उचलला नाही, त्या टेस्टिंगवाल्यांनाच असले शौक सुचतात.’

रात्रीच्या अलर्टचं मान्य. टेस्टिंगच्या सर्व्हरसाठी कोणाची झोपमोड करायचं कारण नाही. ऑफिसच्या वेळेत अलर्ट आणि नाइटली रिग्रेशन (जुनं सगळं अजून चालतंय का हे बघणाऱ्या रात्रीच्या टेस्ट) सुरू व्हायच्या आधी एक तपासणी, एवढं पुरतं. लेखात तशी ओळ घातली आहे.

लोडचा मुद्दा मी मुद्दा धरत नाही. प्रोमिथिअस हे मॉनिटरिंगचं टूल, सेटिंग बदललं नाही तर, मिनिटातून एकदा आकडे गोळा करतं. जो सर्व्हर मिनिटाला एक जास्तीची रिक्वेस्ट झेलू शकत नाही, त्याच्यावर कुठलीच टेस्ट चालवण्यात अर्थ नाही.

आता ते शेवटचं वाक्य. मला ते लागलं, आणि ते लपवायचं काही कारण दिसत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, माझं काम पाहिलेलं नाही, तरी मी काय केलं नसेल हे तुम्ही ठरवून मोकळे झालात. टेस्टिंगमध्ये येण्याआधी मी बँकिंगच्या एका प्रॉडक्टला प्रॉडक्शन सपोर्ट देत होतो. रात्री दोनचे फोन उचलले आहेत, दिवसअखेरीचा बॅच अडकला म्हणून पहाटेपर्यंत कॉलवर बसलो आहे. म्हणूनच दोन्हीकडचा फरक मला नीट ठाऊक आहे. प्रॉडक्शन पडलं की दहा माणसं धावतात. यूएटी (रिलीजआधी शेवटची तपासणी होते ती टेस्ट एन्व्हायर्न्मेंट) पडलं की कोणी धावत नाही. सकाळच्या स्टँडअपला टेस्टरला विचारतात, ‘एवढ्या टेस्ट का पडल्या?’ उत्तर द्यायला त्या पोराच्या हातात काही नसतं, कारण रात्री काय झालं याची नोंदच कोणी ठेवलेली नसते.

आणि ‘टेस्टिंगवाले’ हे ज्या सुरात लिहिलंत, तो सूर मी खूप वर्षं ऐकतो आहे. डिफेक्ट लिहिला की ‘तुझ्या एन्व्हायर्न्मेंटचा प्रॉब्लेम असेल’, आणि एन्व्हायर्न्मेंट नीट करून मागितली की ‘कशाला हवंय तुला एवढं?’ एक बाजू तरी पकडा.

हेल्थ पेजवर तुमचा भरवसा आहे, म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतो. क्लायंटचं नाव सांगणार नाही. डेटाबेस ओरॅकल, ॲप्लिकेशन स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवर. ओरॅकलच्या डिफॉल्ट प्रोफाइलमध्ये पासवर्डचं आयुष्य १८० दिवस, त्यावर ७ दिवसांची सवलत. प्रॉडक्शनमध्ये डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) याच्यावर लक्ष ठेवून असतात, यूएटीत ते कोणाचंच काम नसतं. आमच्या ॲप्लिकेशन यूजरची सवलतही संपली, तीही रिग्रेशन चालू असताना. आता गंमत बघू नका, नीट बघा: पासवर्ड संपला तरी आधीच उघडलेली कनेक्शन तुटत नाहीत. ॲप्लिकेशन डेटाबेसची उघडलेली कनेक्शन एका पूलमध्ये ठेवून पुन्हापुन्हा वापरतं; हिकारी या लायब्ररीचा पूल, सेटिंग बदललं नाही तर, एक कनेक्शन ३० मिनिटं वापरतो आणि मग बदलतो. म्हणजे जुनी कनेक्शन एकेक करून निवृत्त होत होती आणि नवीन उघडायला गेलं की ओआरए-२८००१, म्हणजे ‘पासवर्ड संपला’ ही ओरॅकलची एरर. हेल्थ पेज पूलमधलंच एखादं जिवंत कनेक्शन घ्यायचं, तपासायचं आणि ‘अप’ म्हणायचं. काही टेस्ट पास, काही फेल, पान हिरवं. (त्याच पानावरची डिस्कची तपासणी १० एमबीपेक्षा जास्त जागा शिल्लक असली की, सेटिंग बदललं नाही तर, ‘अप’च म्हणते. १० एमबीत लॉगची एक फाइल मावत नाही.)

त्या पडलेल्या टेस्टमध्ये एक डिफेक्ट खरा होता. मुदत ठेव मोडताना व्याजाचं राउंडिंग चुकत होतं. टीममधल्या मुलीने तो वेगळा काढून स्क्रीनशॉटसकट लिहिला होता. दुपारी सगळ्यांबरोबर तोही ‘एन्व्हायर्न्मेंट इश्यू’ म्हणून बंद झाला. तिने दोनदा उघडला, दोनदा बंद झाला. शेवटी तो प्रॉडक्शनमध्ये गेला, ग्राहकांनी तक्रार केली आणि खापर फुटलं टेस्टिंगवर. ‘तुम्ही पकडला कसा नाही?’

माझ्या अख्ख्या लेखाचा जीव यात होता, आणि तुम्ही त्याला हातही लावला नाहीत. सर्व्हर चोवीस तास उभा राहावा यासाठी मी मॉनिटरिंग मागत नाही. ‘एन्व्हायर्न्मेंट इश्यू’ हा शिक्का पुराव्याशिवाय मारता येऊ नये यासाठी मागतो. त्या दिवशी पूल सोडून, दर मिनिटाला नव्याने लॉगिन करून बघणारी एक साधी स्क्रिप्ट असती, तर किती वाजेपर्यंत लॉगिन होत होतं हे मिनिटामिनिटाने दाखवता आलं असतं. राउंडिंगची टेस्ट त्याच्या आधी पडली होती. डिफेक्ट खरा आहे हे तिथल्या तिथे सिद्ध झालं असतं, कोणाशी हुज्जत घालावी लागली नसती. आणि डीबीए_यूजर्स या ओरॅकलच्या यूजरयादीतली एक्स्पायरीची तारीख रोज सकाळी एका क्वेरीने बघितली असती, तर हा दिवस उगवलाच नसता. याला तुम्ही शौक म्हणता.

कंटेनरबद्दल: वापरतो. टेस्टकंटेनर्स या लायब्ररीने डेटाबेस कंटेनरमध्ये उभा करून इंटिग्रेशन टेस्ट आमच्याकडेही चालतात, आणि उत्तम चालतात. पण पेमेंट गेटवेचा सँडबॉक्स, कार्ड स्विचचा सिम्युलेटर, दुसऱ्या व्हेंडरच्या ताब्यातला एसएफटीपी (फाइलींच्या देवाणघेवाणीचा) सर्व्हर आणि चार टीमनी वाटून घेतलेलं यूएटी ‘मोडून टाका’ म्हटल्याने मोडत नाही. ज्यांनी फक्त स्वतःची एक सर्व्हिस सांभाळली आहे त्यांना हे सुचणार नाही. हे वाक्य तुम्हाला बोचलं असेल, तर तुमचं मला का बोचलं तेही कळेल.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त पुढच्या वेळी माझ्या अनुभवाचा हिशेब मांडण्याआधी एक सांगा: तुमच्याकडे यूएटीच्या डेटाबेसचा पासवर्ड कधी संपतो हे आज कोणाला माहीत आहे, आणि ते त्याला कुठून कळतं? त्यावर बोलायला मी तयार आहे.