व्हिनेगर-सोड्याच्या फेसाने बुरशी जात नाही

पावसाळा लागला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘केमिकल क्लीनर फेकून द्या, स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी घर बुरशीमुक्त ठेवा’ असा मथळा आणि खाली उपायांची जंत्री. हेतूबद्दल तक्रार नाही. फिनाइलच्या भपकाऱ्यापेक्षा रिठ्याचं पाणी मलाही बरं वाटतं. पण हे लिहिणाऱ्याने घोडबंदर रोडवर जुलै महिना काढलेला दिसत नाही.

पहिला उपाय : ‘व्हिनेगर आणि बेकिंग सोडा एकत्र करून फवारा, बुरशी मुळासकट जाते.’ एक आम्ल, दुसरा अल्कली. एकत्र आले की झकास फसफसतात, आणि फेस बसल्यावर उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी. दोघांनी एकमेकांची धार घालवलेली असते. त्यापेक्षा वेगवेगळे वापरा : सोडा घासायला, व्हिनेगर नळावरच्या पांढऱ्या क्षारांना. टाइल्सवरची बुरशी भांड्यांच्या साबणाने घासायची आणि जागा पूर्ण कोरडी करायची. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेचा सल्लाही इतकाच साधा आहे. आपण घासतो जोरात, कोरडं करायचं मात्र राहून जातं.

काही ठिकाणी याला ‘हट्टी डाग असेल तर थोडं ब्लीच घाला’ अशी पुस्ती जोडलेली दिसते. हे अजिबात करू नका. व्हिनेगरमध्ये ब्लीच पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्या बाथरूमची खिडकी असते वीतभर.

‘ओट्यावर, फरशीवर लिंबू फिरवा.’ ओटा ग्रॅनाइटचा असेल तर एकवेळ निभावेल. पण कडाप्पा, कोटा, संगमरवर या तिन्हींत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतं, आणि ते आम्लात विरघळतं. कडाप्प्यावर लिंबाची फोड थोडा वेळ पडून राहिली की खाली फिकट, खरखरीत गोल उमटतो. तो कितीही घासा, जात नाही, कारण तिथला दगडच खाल्लेला असतो. गूळ, फळांच्या साली आणि पाणी १:३:१० घेऊन तीन महिने मुरवलेलं बायोएन्झाइमही आम्लच. संडासाला, बाथरूमच्या टाइल्सना ते छान, दगडाला नको. आणि नीट मुरलं नसेल तर उरलेल्या गुळाला मुंग्या लागतात त्या वेगळ्याच.

सगळ्यात लोकप्रिय उपाय म्हणजे ‘खोलीत खडे मिठाची वाटी ठेवा, ओल शोषली जाते.’ वाटीत पाणी साठलेलं दिसतं, म्हणून विश्वास बसतो. आता हिशेब करू. १० बाय १२ च्या खोलीत, २८ अंशांना आर्द्रता ८५ टक्के असेल तर हवेत पाऊण लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात असतं. ती ६० टक्क्यांवर आणायला त्यातलं पाव लिटरभर काढावं लागेल, आणि दाराच्या फटीतून नवी दमट हवा येतच राहणार. शिवाय मीठ ओढतं ते आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर असेपर्यंतच. त्याखाली ते थांबतं, बुरशीचं मात्र ७५ टक्क्यांतही मजेत चालतं. बंद कपाटासाठी कॅल्शियम क्लोराइडचे दाणे भरलेले डबे मिळतात, ते खरंच काम करतात. खोलीसाठी एसीचा ड्राय मोड.

त्यातच आपण बेडरूममध्ये दोऱ्या बांधून कपडे वाळवतो. मशीनमधून पिळून निघालेल्या एका घाण्यातही दीड-दोन लिटर पाणी असतं. ते सगळं त्याच हवेत जातं, आणि कोपऱ्यात मिठाची वाटी! कपडे एकाच खोलीत, दार लावून, एक्झॉस्ट किंवा एसी चालू ठेवून वाळवा.

‘खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा’ हे मार्चमध्ये ठीक. मुसळधार पावसात बाहेरची हवा आतल्याहून कोरडी नसते. पाऊस उघडला, वारा सुटला की उघडा; एरवी अंघोळीनंतर आणि स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावा. पावसाचा मारा बसणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला चिकटवलेलं कपाट तीन-चार इंच पुढे ओढा. कुबट वास बहुतेक वेळा त्याच्या मागून येत असतो.

एवढं करूनही छताच्या एकाच कोपऱ्यात काळं येत राहिलं, तर फडकं खाली ठेवा. वरच्या घराची मोरी गळतेय का ते बघायला प्लंबर आणि सोसायटीचे सेक्रेटरी, दोघांनाही एकाच वेळी बोलवा.